आफ्रिकेतल्या मोठ्या नद्या समुद्राजवळ येऊनच का कोसळतात?

नकाशेबाज :

नमस्कार मंडळी,

उठावाचे, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशे बघत बसायचा मला जुना नाद आहे. सध्या मुक्काम आफ्रिकेत आहे आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

शाळेत शिकलेली नदीची गोष्ट अशी: उगमाजवळ डोंगर, दऱ्या, धबधबे. मग मैदान, संथ वळणं, शेवटी समुद्र. आफ्रिकेत हा क्रम पार उलटा दिसतो. काँगो घ्या. पाण्याच्या हिशेबात ॲमेझॉनखालोखाल जगात दुसरी. किसांगानी ते किन्शासा हे सुमारे १७०० किमी अंतर ती इतकी शांत वाहते की मालाच्या बोटी आरामात ये-जा करतात. किन्शासापाशी पात्र पसरतं, आता समुद्र आलाच असं वाटतं, आणि नेमकी तिथेच तिची घसरण सुरू होते. पुढच्या साधारण ३५० किमीत, माटाडी बंदरापर्यंत, नदी जवळजवळ २७० मीटर खाली उतरते. एकामागून एक धबधबे आणि खळाळ. म्हणून तर १८९० ते १८९८ या काळात माटाडीहून वर रेल्वे टाकावी लागली. जहाजातला माल गाडीत चढवायचा, वर नेऊन पुन्हा बोटीत भरायचा. पोर्तुगीज १४८२ मध्येच काँगोच्या मुखाशी पोचले होते, पण ही नदी आतून कशी येते हे युरोपला कळायला १८७७ उजाडलं. तेही स्टॅन्ली हा प्रवासी दुसऱ्या बाजूने, वरून खाली उतरत आला म्हणून.

झांबेझीची तीच कथा. १८५८ मध्ये लिव्हिंग्स्टन हा प्रवासी वाफेची बोट घेऊन मुखातून आत शिरला आणि काहोरा बासाच्या खळाळांनी त्याची वाट अडवली. ऑरेंज नदी ऑग्रबीजला ५६ मीटर कोसळते आणि मग ओसाड घळीतून अटलांटिककडे जाते. नाईल तेवढी अपवाद: अस्वानच्या खाली थेट समुद्रापर्यंत एकही धबधबा नाही.

अर्धं उत्तर मला माहीत आहे. आफ्रिका म्हणजे उपडी ठेवलेली परात: मध्ये उंच पठार, कडेला एकदम उतार, मग किनाऱ्याची अरुंद पट्टी. पण ही परात उपडी घातली कोणी? अँडीज उंच का, तर एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातोय. आफ्रिकेच्या बहुतेक बाजूंना तर समुद्र उघडत गेलेत. उत्तरेचा ॲटलास सोडला तर अलीकडच्या काळातली टक्कर कुठे दिसत नाही. मग दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेचा एवढा अवाढव्य प्रदेश सरासरी १००० मीटरच्या वर गेला कसा?

हिवाळी :

मस्त विषय. वाचनखूण साठवली आहे.

गाळपेर :

छान प्रश्न. कडेपासून सुरुवात करू.

गोंडवन, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र असलेला जुना महाखंड, फुटायला लागलं तेव्हा आफ्रिका त्याच्या मधोमध होती. अंटार्क्टिका, मादागास्कर, भारत एका बाजूने सुटले, दक्षिण अमेरिका दुसऱ्या बाजूने. सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत बेसाल्टचे प्रचंड लोंढे बाहेर आले. ड्रेकेन्सबर्गचा माथा आणि लेसोथोचं पठार त्याच लाव्ह्याचं. दक्षिण अटलांटिक उघडायला लागला तो साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी. खंड जिथे फाटतो तिथे फाटेच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, कारण खालून गरम पदार्थ वर आलेला असतो आणि वरचं ओझं बाजूला सरकलेलं असतं. म्हणजे आफ्रिकेला चहूबाजूंनी उचललेली कड मिळाली आणि आतलं पाणी आतच अडकलं.

पुढे समुद्राच्या बाजूचे छोटे ओढे ही कड मागे मागे खात गेले. अंगोलापासून नामिबिया, दक्षिण आफ्रिका करत झिम्बाब्वेच्या पूर्व सीमेपर्यंत जो कडा जातो तो असाच मागे सरकलेला आहे. ड्रेकेन्सबर्गमध्ये त्याच्या माथ्याजवळचं थाबाना न्त्लेन्याना शिखर ३४८२ मीटर आहे, आणि तिथून हिंदी महासागर दोनशे किमीच्या आतबाहेर. नदीला तेवढ्या अंतरात सगळी उंची उतरायची असेल तर ती कोसळणारच.

चक्रधर_९ :

@गाळपेर, पहिला परिच्छेद मान्य, पण एवढ्यावर भागत नाही. फाटेची कड १३ कोटी वर्षं तशीच उभी कशी राहील? ती थंड होते, बसते, झिजते. आणि कड उंच असेल, पण आतलं पठारही उंच आहे त्याचं काय? जगातल्या इतर जुन्या, स्थिर भूखंडांची उंची साधारण ४०० ते ५०० मीटर असते. दक्षिण आफ्रिकेचं पठार त्याच्या दुप्पट. बरं, फक्त जमीनच नाही, शेजारचा अटलांटिकचा तळसुद्धा त्याच्या वयाच्या मानाने सुमारे ५०० मीटर उथळ आहे.

१९९४ मध्ये नायब्लेड आणि रॉबिन्सन यांनी या सगळ्या पट्ट्याला मिळून आफ्रिकन सुपरस्वेल असं नाव दिलं. भूकंपलहरी दक्षिण आफ्रिकेखालच्या खोल प्रावरणातून, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या थरातून, जाताना मंदावतात. तिथे, अगदी गाभ्याच्या सीमेपासून, म्हणजे २९०० किमी खोलीपासून वर येणारा एक महाकाय भाग आहे जो आजूबाजूपेक्षा वेगळा आणि बहुधा जास्त गरम आहे. तो हळूहळू वर ढकलतोय आणि त्याच्यावर आख्खा खंडाचा तुकडा उचलला गेलाय. टक्कर नको, डोंगररांग नको, थेट खालून रेटा.

नकाशेबाज :

हे भारी आहे. म्हणजे झांबेझीवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याचं कारण २९०० किमी खोल?

गाळपेर :

व्हिक्टोरिया धबधब्याला स्थानिक कारणंही भरपूर आहेत. १०८ मीटर उंच आणि १७०० मीटर रुंद पडदा आहे तो. बेसाल्टमध्ये आधीपासून नदीच्या वाटेला आडव्या भेगा होत्या, त्यांत मऊ माल भरलेला. नदी एक भेग पोखरते, धबधबा तिथे काही काळ थांबतो, मग पाण्याला वरच्या बाजूची पुढची भेग सापडते. खालच्या बाजूला ज्या नागमोडी घळी दिसतात, त्यातली प्रत्येक घळ म्हणजे धबधब्याची जुनी जागा आहे. उपग्रहाच्या चित्रात बघा, एकाखाली एक अगदी स्पष्ट दिसतात.

चक्रधर यांच्या मुद्द्याला माझा विरोध नाही, पण उठाव कधी झाला यावर मात्र भांडण आहे. एका गटाचं म्हणणं, पठार डायनोसॉरच्या काळातच, साधारण १० कोटी ते ७ कोटी वर्षांपूर्वी उचललं गेलं. पुरावा काय, तर त्या काळात किनाऱ्याबाहेर समुद्रात गाळ प्रचंड साठला, म्हणजे जमीन तेव्हा जोरात झिजत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीचे हिऱ्यांचे नळ, म्हणजे खोलातून हिरे वर आणणाऱ्या ज्वालामुखीच्या उभ्या नळ्या, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांचा वरचा मोठा भाग झिजून गेलाय, आणि त्यातली बरीच झीज लवकरच झालेली. दुसरा गट म्हणतो, खरा उठाव गेल्या ३ कोटी वर्षांतला आहे. माझं माप पहिल्या गटाकडे झुकतं, निदान दक्षिणेपुरतं तरी.

अनुराधा_के :

@गाळपेर, दक्षिणेचं तुमचं तुम्ही बघा, पण पूर्व आफ्रिकेच्या उठावाची वेळ एका व्हेलने सांगितली आहे, ती ऐका.

१९६४ मध्ये केनियात, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोपेरोत नावाच्या जागी एका व्हेलच्या कवटीचा जीवाश्म मिळाला. चोचीसारखं तोंड असलेल्या जातीची, खोल समुद्रात राहणारी व्हेल. वय १ कोटी ७० लाख वर्षं. जागा आजच्या किनाऱ्यापासून ७४० किमी आत आणि ६२० मीटर उंचीवर! नंतर हा नमुना संग्रहांच्या गर्दीत कित्येक दशकं सापडेनासा झाला आणि २०११ मध्ये परत हाती लागला. २०१५ मध्ये त्याच्यावर शोधनिबंध आला.

आता गंमत बघा. तिथे समुद्र कधी नव्हता. सोबतचे थर नदीचे आहेत, आजूबाजूला गोड्या पाण्यातल्या जीवांचे अवशेष आहेत. म्हणजे ही व्हेल वाट चुकून नदीतून वर वर आली आणि तिथे मेली. व्हेल काही धबधबा चढत नाही. त्या नदीला उतार जवळपास नव्हताच, पात्र रुंद आणि खोल होतं. त्यावरून संशोधकांनी हिशेब मांडला की ती जागा तेव्हा समुद्रसपाटीपासून फार तर २४ ते ३७ मीटर उंच असेल. आज ६२०. म्हणजे पूर्व आफ्रिकेचं पठार उचललं गेलं ते त्यानंतर. आणि त्या उठावाने पाऊस अडला, जंगल विरळ होत गेलं, गवताळ प्रदेश वाढले. माणसाच्या पूर्वजांची गोष्ट त्याच जमिनीवर घडली.

नकाशेबाजांच्या प्रश्नाला याहून नेमका पुरावा मला माहीत नाही. तेव्हाची नदी समुद्रातला प्राणी शेकडो किमी आत येऊ शकेल इतकी सपाट होती, आणि आजच्या नद्यांत बोटसुद्धा शिरत नाही.

हिवाळी :

अनुराधाताई, काय सुंदर माहिती दिलीत! नदीतून एवढं आत येणारी व्हेल म्हणजे या धाग्यावरची पहिली यशस्वी जलवाहतूक. स्टॅन्लीच्या कितीतरी आधी.

चक्रधर_९ :

प्रतिसाद खूपच आवडला. फक्त एक पुस्ती: एका जीवाश्मावरून एका जागेची उंची कळते, सगळ्या पठाराची नाही. पण दिशा बरोबर आहे. पूर्वेचा घुमट आणि दक्षिणेचा घुमट वेगवेगळ्या काळी उचलले गेले असं मानलं तर गाळपेर आणि अनुराधाताई दोघेही बरोबर ठरतात.

सावळा_ढग :

जरा वेगळा प्रश्न. २०१८ मध्ये केनियात रस्ता फाटल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता, 'आफ्रिकेचे दोन तुकडे होणार' म्हणून. ते खरं होतं का?

गाळपेर :

तुकडे होणं खरं, तो व्हिडिओ त्याचा पुरावा म्हणून दाखवणं चूक. मार्च २०१८ मध्ये माई माहिउ ते नारोक रस्त्याजवळ जी भेग दिसली, ती जोरदार पावसानंतर उघडी पडली. तिथे ज्वालामुखीच्या राखेचे जाड, भुसभुशीत थर आहेत. जमिनीखालून पाणी राख वाहून नेतं, वरचं छप्पर खचतं. खालच्या जुन्या भेगांनी पाण्याला वाट दिली असेल, इतपत संबंध मानायला हरकत नाही. बहुतेक भूवैज्ञानिकांचा कल तिकडेच होता.

खरी फाट बघायची तर इथियोपियातल्या अफारला जा. सप्टेंबर २००५ मध्ये दब्बाहू ज्वालामुखीपाशी सुमारे ६० किमी लांबीची फाट खालून शिलारसाने भरली गेली आणि काही जागी जमीन ८ मीटरपर्यंत दूर सरकली. एरवी तिथे सरकण्याचा वेग वर्षाला दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे शेकडो वर्षांचं साठलेलं काम थोड्या दिवसांत उरकलं. दक्षिणेकडे जावं तसा हा वेग कमी होत जातो.

आणि खचदरी (दोन भेगांमधली जमीन खचून झालेली लांब दरी) किती खोल गेलीय याची कल्पना टांगानिका सरोवरावरून येते. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवर, खोली १४७० मीटर. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्या ७०० मीटर खाली. त्या तळाखाली आणखी कित्येक किमी गाळ आहे, ते वेगळंच.

तिठा :

खचदरीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. कामानिमित्त रवांडात, किवू सरोवराच्या काठी गिसेन्यीला काही काळ होतो. सीमेपलीकडे लागूनच काँगोचं गोमा शहर, आणि त्याच्या मागे न्यिरागोंगो ज्वालामुखी. लाव्हाचं तळं भरलेलं असताना रात्री ढगांच्या पोटाला तांबूस उजेड दिसायचा. लोक तिकडे बघतही नाहीत, रोजचंच.

गोम्यात पायाखाली माती अशी जवळपास नाहीच. काळा, खरखरीत, सच्छिद्र दगड सगळीकडे. घरांच्या कुंपणाच्या भिंती त्याच दगडाच्या, हाताने फोडून रचलेल्या. चुकुडू नावाच्या लाकडी दुचाक्यांवर पोरं पोतीच्या पोती लादून त्या खडबडीत रस्त्यावरून उतारावर सुसाट जातात. २००२ च्या जानेवारीत लाव्हा शहराच्या मधून वाहत थेट सरोवरात गेला, वाटेत विमानतळाच्या धावपट्टीचं टोक गिळून. लोकांनी परत येऊन त्याच लाव्ह्यावर, त्याच्याच दगडांनी घरं बांधली. मे २०२१ मध्ये पुन्हा उद्रेक झाला.

न्यिरागोंगोचा लाव्हा इतर ठिकाणांपेक्षा फार पातळ, कारण त्यात सिलिका फार कमी. १९७७ मध्ये डोंगराच्या अंगाला भेगा पडून लाव्हाचं आख्खं तळं तासाभरात रिकामं झालं. वरच्या उतारांवर वेग ताशी ६० किमीपर्यंत होता असं नोंदलेलं आहे. पळून सुटका नाही.

आणि खरी काळजी सरोवराची आहे. किवूच्या खोल पाण्यात सुमारे ३०० घन किमी कार्बन डायऑक्साइड आणि ६० घन किमी मिथेन विरघळलेला आहे. वरच्या पाण्याच्या दाबाने तो खाली दबून राहिलाय. कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री असाच वायू उसळला आणि १७०० च्या वर माणसं झोपेतच गेली. किवू न्योसच्या कितीतरी पट मोठं आहे आणि काठावर दाट वस्ती आहे. रवांडाने आता या मिथेनवर वीज करायला सुरुवात केली आहे. तराफ्यावरून पाइप खोल सोडतात, खालचं पाणी वर येता येता दाब कमी होतो आणि वायू आपोआप सुटतो. वीजही मिळते आणि धोकाही थोडा थोडा कमी होतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

अनुराधा_के :

@तिठा, अंगावर काटा आला. अजून लिहा, वेगळा धागाच काढा.

उंबरठा :

सगळं वाचलं. मला वाटतं नकाशेबाजांच्या प्रश्नाचं महत्त्व इतिहासात आहे. युरोपच्या तिप्पट क्षेत्रफळ, पण किनारा युरोपपेक्षा लहान, बंदरं कमी, नद्यांतून आत जाता येत नाही. आफ्रिका जगापासून तुटलेली राहिली ती या कड्यामुळे. बाकी सगळी कारणं दुय्यम.

मृण्मयी :

@उंबरठा, असहमत, आणि जरा ठामपणेच. तुटलेली कुणापासून? किल्वा आणि मोंबासा ही बंदरं हिंदी महासागराच्या व्यापारात शतकानुशतकं होती. मोसमी वाऱ्यांवर जहाजं यायची-जायची. किल्वाला सोनं झिम्बाब्वेच्या पठारावरून यायचं, म्हणजे कडा चढून-उतरूनच. पश्चिमेला टिंबक्टू आणि जेन्ने ही नायजर नदीच्या आतल्या, समुद्रापासून दूरच्या, त्रिभुज प्रदेशाजवळची शहरं. तिथे नदीतून बोटी आणि वाळवंटातून उंट, दोन्ही वाहतुका एकत्र यायच्या. नदी समुद्रातून आत जायला निरुपयोगी होती ती बाहेरून येणाऱ्याला. आत राहणाऱ्यांना तीच नदी हजार-दीड हजार किमीचा हमरस्ता होती. काँगोवरचे बोबांगी व्यापारी बघा, स्टॅन्लीच्या आधीपासून लांबलांबचा व्यापार करत होते.

भूगोल अडथळा ठेवतो हे खरं, पण अडथळा कुणासाठी हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.

उंबरठा :

मृण्मयीताई, मुद्दा पोचला. 'बाकी सगळी कारणं दुय्यम' हे माझं वाक्य जरा जास्तच सरसकट होतं. तरी जड मालाची वाहतूक महाग पडली, आणि आजही पडते, एवढं तर मान्य कराल?

मृण्मयी :

तेवढं मान्य. :)

आणि नायजरचा विषय निघालाच आहे तर: गिनीच्या डोंगरात समुद्रापासून जेमतेम २४० किमीवर उगम, आणि बाई निघते उलट्या दिशेला, सहाराकडे! टिंबक्टूच्या पुढे वळते आणि ४१८० किमी चालून गिनीच्या आखातात येते. मंगो पार्क हा प्रवासी तिच्यावरच बुस्साच्या खळाळात १८०६ मध्ये बुडाला. नदी समुद्राला कुठे मिळते हे युरोपीय लोकांना १८३० पर्यंत नक्की माहीत नव्हतं. ही अशी का वाहते, कुणी सांगेल का?

गाळपेर :

सांगतो, आणि तेच मूळ प्रश्नाचं उत्तरही आहे.

आफ्रिकेचा नकाशा डोंगररांगांच्या भाषेत वाचू नका, खोलगट खोरी आणि त्यांच्यामधले उंचवटे या भाषेत वाचा. चाड, काँगो, कालाहारी, दक्षिण सुदान, मालीतलं एल जूफ. ही सगळी मोठी खोरी, आणि त्यांच्यामध्ये घुमटासारखे उंचवटे. नद्या आधी आपापल्या खोऱ्यात, आतल्या आत वाहत होत्या. वरची नायजर टिंबक्टूच्या परिसरातल्या सरोवर-दलदलीत संपायची. खालची नायजर वेगळी नदी होती. पुढे दोघी जोडल्या गेल्या, म्हणून ते विचित्र वळण.

काँगोबद्दलही बऱ्याच जणांचं मत असंच आहे. मधलं खोरं बराच काळ बंद होतं, आणि अटलांटिकच्या बाजूच्या एका लहान पण जोरकस नदीने मागे मागे खात जाऊन ते पाणी पळवलं. तपशिलावर वाद आहेत. पण हे मान्य केलं तर तुमचा उलटा क्रम सरळ होतो. काँगोचा वरचा संथ भाग म्हणजे म्हाताऱ्या नदीचं मैदान, आणि किन्शासाच्या खालचा भाग म्हणजे अजून तरुण, पात्र खणत असलेली नदी. एकाच नावाखाली दोन वयांच्या नद्या.

नकाशेबाज :

गाळपेरकाका, मी इतके दिवस शोधत होतो ते हेच. दोन वयांच्या नद्या!

त्याच पट्ट्यात इन्गा आहे ना? १९७२ आणि १९८२ मध्ये दोन वीजप्रकल्प झालेत तिथे. पूर्ण क्षमतेने बांधकाम झालं तर ४०,००० मेगावॉटच्या आसपास वीज मिळू शकते असा अंदाज वाचलाय.

अनुराधा_के :

हो. आणि त्याच खळाळांच्या पट्ट्यात नदी काही ठिकाणी २२० मीटरपेक्षा खोल आहे. नदी! तिथे लॅम्प्रोलॉगस लेथॉप्स नावाचा एक मासा आहे, फिकट, रंगहीन, डोळे कातडीखाली झाकलेले, गुहेतल्या माशांसारखा. लोकांना तो मेलेला किंवा मरणासन्न असाच वर सापडायचा आणि कातडीखाली हवेचे बुडबुडे असायचे. खोल पाण्यातून प्रवाह त्याला झटक्यात वर आणतो, दाब एकदम कमी होतो आणि तो मरतो. पाणबुड्यांना होतो तोच त्रास. त्या माशावरूनच संशोधकांना नदीच्या खोलीचा संशय आला आणि मग मोजमापं झाली.

हिवाळी :

आधी व्हेल, आता मासा. या खंडाचं भूविज्ञान प्राण्यांनीच शोधलेलं दिसतंय!

चक्रधर_९ :

हिवाळी, मग व्हिक्टोरिया सरोवरही घ्या, तिथे मासे आणि उलट्या वाहणाऱ्या नद्या दोन्ही आहेत. :)

कागेरा, काटोंगा, काफू या नद्या पूर्वी पूर्वेकडून पश्चिमेला वाहायच्या. पश्चिमेच्या खचदरीची कड उचलली गेली, पाणी अडलं आणि तुंबून व्हिक्टोरिया सरोवर तयार झालं, साधारण ४ लाख वर्षांपूर्वी. म्हणून तर ते इतकं उथळ: क्षेत्रफळ ६८,००० चौ. किमीच्या वर आणि खोली फार तर ८० मीटर. काटोंगाचं आज काय झालंय? एकाच दरीत मध्ये पाणथळ उंचवटा, तिथून अर्धं पाणी पूर्वेला आणि अर्धं पश्चिमेला. जमीन कलली की नदी कशी गोंधळते ते तिथे प्रत्यक्ष दिसतं. हे सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडंही पडलं होतं. आजच्या शेकडो माशांच्या जाती त्यानंतरच्या, की आसपासच्या पाण्यात तग धरून राहिलेल्यांच्या, यावर जीवशास्त्रज्ञ अजून भांडतायत.

सावळा_ढग :

ओकावांगो नदीचं कुणी काढलं नाही अजून. ती तर समुद्राकडे जायच्या भानगडीतच पडत नाही. अंगोलाच्या डोंगरातला पाऊस बोट्स्वानात पोचायला कित्येक महिने लागतात, म्हणून ऐन कोरड्या हंगामात तिथे पूर येतो. सगळं पाणी कालाहारीच्या वाळूवर पसरतं आणि बहुतेक हवेत जातं.

गाळपेर :

बरं झालं आठवण काढलीत. ओकावांगोचा पंखाही प्रस्तरभंगांनीच (खडक सरकलेल्या भेगांनी) आखलाय, पूर्व आफ्रिकेच्या खचदरीचंच एक नवं टोक तिथपर्यंत पोचलंय असं मानतात. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मिठाचं काम. पाणी उडून गेलं तर मागे मीठ उरायला हवं, पण पंख्यातलं पाणी गोडच राहतं. कारण बेटांवरची झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि क्षार बेटाच्या मधोमध जमिनीखाली साठत जातात. बेटाच्या कडेला हिरवीगार झाडं, मध्ये पांढरं, खारट, उघडं मैदान. त्यातली कित्येक बेटं सुरू होतात वारुळापासून. वाळवीने रचलेला उंचवटा, त्यावर पहिलं झाड, मग बेट.

नकाशेबाज :

धागा फारच समृद्ध झाला, सगळ्यांचे आभार. एक टोक अजून सुटं आहे पण. नाईल! तीसुद्धा मुळात खार्टूम ते अस्वानच्या दरम्यान खडकांवरून सहा ठिकाणी आपटत यायची, मग अस्वानच्या खाली एकदम शहाण्यासारखी का वागते? तो भाग सखल आहे हे कळतं, पण हजारएक किमीत एकही खडक आडवा येऊ नये?

मृण्मयी :

सखल असण्याइतकंच मोठं दुसरं कारण आहे, आणि ते अस्वानचं मोठं धरण बांधताना सापडलं.

१९६० च्या दशकात पायासाठी विंधणं घेतली तेव्हा सोव्हिएत भूवैज्ञानिक चुमाकोव्ह यांच्या लक्षात आलं की आजच्या नदीच्या गाळाखाली ग्रॅनाइटमध्ये कोरलेली एक अरुंद, खोल घळ पुरलेली आहे. तिचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली दीडशे-दोनशे मीटर. आणि त्या तळाशी काय? समुद्रातला चिखल, समुद्री जीवांच्या अवशेषांसकट! समुद्रापासून हजारएक किमी आत.

उलगडा असा: सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरची वाट बंद झाली आणि भूमध्य समुद्र बराचसा आटला. पाण्याची पातळी खूप खाली गेल्यावर नाईलला एकदम प्रचंड उतार मिळाला आणि ती खणत सुटली. कैरोच्या परिसरात ही घळ २५०० मीटरच्या आसपास खोल आहे. ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिक परत आत घुसला, भूमध्य भरला आणि त्या घळीत समुद्राची लांबच लांब खाडी शिरली, पार अस्वानपर्यंत. पुढे नदीने आपल्या गाळाने ती खाडी भरून काढली. आज नाईल त्या भरावावरून वाहते. खडक खाली आहेत, शेकडो मीटर गाळाखाली. म्हणून खालच्या नाईलला धबधबा नाही.

गाळपेर :

मृण्मयी, शंभर टक्के अनुमोदन. मी हेच लिहायला आलो होतो, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

नकाशेबाज :

कमाल! मग काँगोच्या तोंडाशी गाळ का नाही भरला? जगातली दुसऱ्या क्रमांकाची नदी आणि नाईल-नायजरसारखा त्रिभुज प्रदेश नाही.

चक्रधर_९ :

कारण काँगोची घळ समुद्राखाली आहे आणि अजून उघडी आहे. ती नदीच्या मुखाच्या आतच सुरू होते आणि थेट खोल अटलांटिकमध्ये उतरते. गाळ किनाऱ्यावर साठायच्या आत त्या घळीत पडतो आणि समुद्रतळावर शेकडो किमीचा पंखा तयार करतो. मध्येच हा गाळ एकदम सुटतो आणि पाण्याखालून लोंढ्यासारखा धावतो. डिसेंबर २०१९ मध्ये मोठा पूर आला आणि १४ ते १६ जानेवारी २०२० ला असा एक लोंढा ११०० किमीपेक्षा लांब गेला, सेकंदाला ५ ते ८ मीटर वेगाने. वाटेत समुद्राखालच्या दोन दूरसंचार केबली तोडल्या आणि आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत इंटरनेट मंदावलं.

सावळा_ढग :

त्या केबली आता घळीपासून लांबून टाकतात का?

चक्रधर_९ :

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जायचं तर घळ कुठेतरी ओलांडावीच लागते. जितक्या खोल पाण्यात ओलांडाल तितका लोंढा कमी वेळा पोचतो, एवढाच उपाय. पण २०२० चा लोंढा खोल पाण्यातही पोचला.